'विचार स्वीकारा' म्हणतात, पण म्हणजे नेमकं करायचं काय?

ज्याचा प्रश्न आहे त्याचं म्हणणं थोडक्यात असं. वय २७, घर लातूरकडं, वडील शेती करतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट आहे, मागची पूर्वपरीक्षा दोन मार्कांनी गेली. दर रविवारी वडिलांचा फोन येतो, ते फक्त जेवलास का, अभ्यास कसा चाललाय एवढंच विचारतात, पण फोन ठेवला की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत "मी बापाचे पैसे उडवतोय, माझ्याच्यानं होणार नाही" हेच डोक्यात फिरत राहतं. तीन महिने मोबाईलवरचं अ‍ॅप लावून माइंडफुलनेस (आत्ता जे जाणवतंय त्याकडे भान ठेवून बघण्याचा सराव) केलं, श्वासावर लक्ष ठेवलं, विचार थांबले नाहीत, उलट डोळे मिटले की जास्तच येतात. जो तो सांगतो विचारांना स्वीकारा. तर हा विचार स्वीकारायचा म्हणजे मी नालायक आहे हे मान्य करायचं का?

तुला अरे-तुरे करतेय, चालेल ना, माझा मुलगा तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. मी पुण्यात गेली एकवीस वर्षं समुपदेशनाचं काम करते आणि त्यातली तेरा वर्षं कोथरूडला माइंडफुलनेसचे आठ आठवड्यांचे गट घेते, आणि पेठेत राहून अभ्यास करणारी दोन-तीन मुलंमुली तरी प्रत्येक बॅचला असतातच. त्यामुळे तू लिहिलंयस ते मी पुष्कळदा ऐकलंय, पण तुझं शेवटचं वाक्य वाचून मी थांबले, कारण सगळी गाठ तिथंच आहे आणि तीन महिने रोज नेमानं बसणाऱ्या मुलाला ती कुणी सोडवून दिली नाही याचं मला खरंच वाईट वाटलं.

तर नाही, मान्य करायचं नाहीये. अजिबात नाही.

स्वीकार हा शब्दच आपल्याकडे फार जड आहे. आपण पदभार स्वीकारतो, राजीनामा स्वीकारतो, पराभव स्वीकारतो, म्हणजे विषय संपला, आता ते आपल्या नावावर. काही वर्षांपूर्वी गटात बँकेतनं रिटायर झालेले एक काका होते, त्यांनी मला सरळ विचारलं होतं की मॅडम, भीती स्वीकारायची म्हणजे रजिस्टर पोस्टासारखी सही करून ताब्यात घ्यायची का? त्या दिवसापासून मी गटात तो शब्द वापरायचं जवळजवळ सोडूनच दिलं. मी म्हणते 'असू दे'. आपण हे दिवसातनं दहा वेळा म्हणतो. तू गावाहून येताना एसटीतनं उतरतोस, खांद्यावर धान्याची पिशवी असते, मित्र म्हणतो आण इकडे मी घेतो, तू म्हणतोस असू दे. त्यात पिशवी हलकी आहे असं तू म्हणत नाहीस, ती खाली टाकून देत नाहीस आणि चालायचंही थांबत नाहीस. ओझं आहे, ते मला जाणवतंय, आणि मी चाललोय, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुःखात असलेल्या माणसाला आपण सांगतो 'जाऊ दे'. जाऊ दे रे, सोड, नको विचार करू. सांगणारा मायेनंच सांगतो, पण जाऊ दे म्हटलं की एक काम मागे लागतं. गेलं का? अजून नाही गेलं. बाकीच्यांचं जातं, माझंच का जात नाही, माझ्यातच काहीतरी खोट असणार. म्हणजे मूळ विचार एक होता आणि आता त्याच्या डोक्यावर आणखी तीन बसले.

तू तीन महिने अ‍ॅप लावून 'जाऊ दे'च करत होतास असं मला वाटतं. श्वास वापरून विचार झाडून काढायचा प्रयत्न, आणि शेवटी हिशोब काय तर आज किती वेळ डोकं रिकामं राहिलं. माइंडफुलनेसचा हा उद्देशच नाहीये, कधी नव्हताच. डोकं विचार बनवणारच, जसं तोंडात लाळ येणारच. आणि डोळे मिटल्यावर जास्त विचार येतात असं जे तुला वाटतं ना, ते जास्त येत नाहीत, ते दिवसभर असतातच, पण अभ्यासिकेत पानं उलटल्याचे आवाज, मोबाईल, चहाला जाणं, टेस्ट सिरीज यात ऐकू येत नाहीत. घरात मिक्सर बंद झाला की मग कळतं नळ गळतोय, तो काय मिक्सर बंद केल्यामुळे गळायला लागलेला नसतो.

हाकलायला गेलं की विचार जास्त का चिकटतात यावर एक जुना प्रयोग आहे. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या मुलांना सांगितलं की पाच मिनिटं मनात येईल ते बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिली. त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, नंतर त्याच मुलांना सांगितलं आता खुशाल अस्वलाचा विचार करा, तर ज्यांनी आधी दाबून धरला होता त्यांच्या मनात तो, ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही जास्त वेळा आला. कारण विचार आला तर नाही ना हे बघायला मनाचा एक कोपरा कायम त्याच विचाराच्या शोधात राहतो. तू रात्री दोनला हेच करतोयस, "हा विचार गेला का" बघायला दर मिनिटाला दार उघडतोयस आणि दार उघडलं की तो समोर उभा.

तू पुण्यात आहेस म्हणून मुठेवरच्या भिडे पुलाचं सांगते. पावसाळ्यात खडकवासला धरणातनं पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, जवळजवळ दरवर्षीचं आहे, पेपरात फोटो येतो, पोलीस बॅरिकेड लावतात. तिथं कुणी बादली घेऊन पाणी उपसायला जात नाही आणि शहाणा माणूस त्यात गाडीही घालत नाही. लोक कठड्याशी उभं राहून जरा वेळ बघतात आणि झेड ब्रिजवरून वळसा घालून आपापल्या कामाला जातात. विसर्ग कमी केला की पाणी उतरतं, पुलावर चिखल आणि जलपर्णी उरते, ती साफ करायला एक दिवस जातो. पाणी कधी उतरणार हे पुलावर उभ्या माणसाच्या हातात नसतं, पण गाडी घालायची का नाही हे असतं. रात्री दोनला "माझ्याच्यानं होणार नाही" असं आलं आणि तू त्याच्याशी वाद घालायला लागलास, नाही मी करू शकतो, मागच्या वेळी दोनच मार्क कमी होते, पण त्या अमक्याचं तर पहिल्या अटेम्प्टला झालं, म्हणजे गाडी घातलीस पाण्यात. वाद घालणं आणि दाबणं दोन्ही एकच, दोन्हीत तू त्या विचारात कमरेपर्यंत उतरलेला असतोस.

आता एक गोष्ट सांगते जी मला स्वतःला फार आवडते आणि गटात मी पहिल्याच दिवशी सांगते. आपण मराठीत कसं बोलतो बघ. मला राग आला. मला भीती वाटली. मला रडू आलं. मला आठवण आली. राग आला, म्हणजे कुठूनतरी आला, मी म्हणजे राग नाही, मी तो ज्याच्याकडे आला तो. आपल्या आज्या-पणज्या काही माइंडफुलनेस शिकलेल्या नव्हत्या पण भाषेतच ती सोय होती की आलेलं आहे म्हणजे जाईलही. आणि आता आपण काय म्हणायला लागलो, मी डिप्रेस आहे, मी अँक्शस आहे, मी फेल्युअर आहे. तूही लिहिलंयस, "मी नालायक आहे". तर तू फक्त एवढं कर, तो विचार आला की वाक्य बदल, "मला असा विचार येतोय की मी नालायक आहे". मनातल्या मनात सावकाश म्हण, आत्ता वाचतानाच म्हणून बघ. शब्द तेच आहेत पण मध्ये वीतभर जागा होते का? बहुतेकांना होते. काहींना नाही होत, त्यांना मी नुसतं नाव द्यायला सांगते, "काळजी आलीये", "लाज वाटतेय", झालं. स्टीव्हन हेज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या एसीटी (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) या उपचारपद्धतीत हे वाक्याचं तंत्र रीतसर शिकवतात, मी काही शोधलेलं नाही, पण मराठीत ते इतकं सहज बसतं की मला नेहमी वाटतं ते आपलंच आहे.

पण हे अर्धंच झालं. विचाराला नाव देऊन भागत नाही कारण विचार डोक्यात असला तरी दगड छातीत आहे, आणि खरं काम तिथं आहे. (छातीत दुखणं चालताना-जिने चढताना वाढत असेल किंवा हाताकडे, जबड्याकडे जात असेल तर आधी डॉक्टरकडे जा, ते टेन्शनचंच आहे असं गृहीत धरू नको.)

तर रात्रीचे दोन वाजलेत, तू कॉटवर पडलायस, शेजारच्या कॉटवरचा घोरतोय, पंखा टकटक करतोय. विचार आला, तू नाव दिलंस. आता डोक्यातनं खाली उतर. दगड नेमका कुठं आहे? बरोबर मधोमध का थोडा डावीकडे? केवढा, लिंबाएवढा का नारळाएवढा? त्याला कडा आहेत का कापसासारखं विरत गेलेलं आहे? गरम का गार? एका जागी आहे का श्वासाबरोबर हलतोय? उत्तरं पाठ करायची नाहीत, नीट बघायचं, डॉक्टर पोट दाबून बघतो तसं, घाई न करता, इथं दुखतं का, इथं? मग श्वास आत जाताना त्या दगडाच्या आजूबाजूला थोडी जागा होतेय असं होऊ दे, दगड विरघळवायचा नाही, त्याला फक्त जरा प्रशस्त खोली द्यायची. आणि मनात म्हणायचं असू दे. दहा सेकंदांत तू कट ऑफमध्ये पोचलेला असशील. हरकत नाही. पोचलो हे ज्या क्षणी कळलं तो क्षण म्हणजेच माइंडफुलनेस, तिथनं परत दगडाकडे ये. परत जाशील, परत ये. पाच मिनिटांत चाळीस वेळा गेलास आणि चाळीस वेळा आलास तर ती उत्तम बैठक झाली, अ‍ॅपमधला आवाज हे बहुतेक सांगत नाही आणि मुलांना वाटतं आपण नापास.

दगड कधी हलका होतो. कधी तसाच राहतो. कधी जास्त जड होऊन रडू येतं, येऊ दे, उशी भिजली तर भिजली. रील्सवर फिरतं ना की कुठलीही भावना ९० सेकंदांत निघून जाते, त्यावर घड्याळ लावून बसू नको, ९१ व्या सेकंदाला ती असली की परत तू स्वतःलाच दोष देणार.

आणि इथं एक खोच आहे, अनुभवी माणसंसुद्धा तिथं अडकतात म्हणून नीट वाच. तू असू दे म्हणशील, पण आतनं त्याचा अर्थ असेल "असू दे म्हणतोय ना, आता तरी जा". म्हणजे वरून असू दे आणि आतनं जाऊ दे. मन फार लवकर ही लबाडी शिकते आणि मग माणूस म्हणतो मी सगळं केलं, उपयोग झाला नाही. ओळखायची युक्ती अशी की स्वतःला विचार, हे अजून तासभर असंच राहिलं तर मला चालेल का? उत्तर जर "अजिबात नाही" आलं, तर आधी त्या "अजिबात नाही" कडे बघ, त्या नकाराची पण अंगात एक जागा असते, माझ्या दातांमध्ये असते, काहींच्या पोटात, काहींच्या मुठीत. तोही असू दे. बऱ्याचदा दगडापेक्षा तो नकारच जास्त जड असतो.

मला हे स्वतःला कळायला फार वेळ लागला. माझे वडील २००९ साली गेले, न्यूमोनिया होता. ताप होता, मी म्हटलं उद्या बघू, त्या उद्याचे दोन दिवस झाले. नंतर तीन वर्षं "दोन दिवस आधी न्यायला हवं होतं" हे वाक्य माझ्या मागे होतं, आणि मी काय करायचे, तर आलं की रेडिओ लावायचे, किंवा श्वास मोजायला बसायचे, एक ते दहा, एक ते दहा. तेव्हा मला वाटायचं हेच माइंडफुलनेस. २०१२ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी ओट्याशी मेथी निवडत होते, पेपर पसरलेला, जुडीची मुळं चिखलानं भरलेली, दोन्ही हात मातीचे. वाक्य आलं. हात असे भरलेले असल्यामुळे उठून रेडिओ लावता आला नाही, आणि का कोण जाणे त्या दिवशी श्वासही मोजावासा वाटला नाही, मी पानं खुडत राहिले आणि ते वाक्य तिथंच राहिलं. घशात, कोरड्या पोळीचा घास अडकल्यासारखं, तिथनं कानाखालपर्यंत ओढ. मी खुडतेय आणि ते ओढतंय. मग डोळ्यातनं पाणी पेपरवर पडायला लागलं आणि मला एकदम दिसलं की बाबा मेथी निवडायला बसायचे तेव्हा दांड्यांसकट टाकायचे आणि आई ओरडायची, अहो दांडे कोण खाणार. तीन वर्षांत हे एकदाही आठवलं नव्हतं. अपराधीपणाचं ते वाक्य मी दारातच अडवून धरलं होतं, आणि त्याच्यामागं बाबांची साधी आठवण उभी होती, तीही बाहेरच राहिली होती. जुडी संपली तेव्हा घशातलं गेलं होतं का नव्हतं ते खरंच लक्षात नाही, मी भाजी फोडणीला टाकली. ते वाक्य अजूनही येतं. अँब्युलन्सचा आवाज आला की हमखास येतं.

तुझ्या दगडामागं काय आहे ते मला माहीत नाही, पण ज्या मुलाला वडिलांचे पैसे फुकट जातील याचा इतका त्रास होतो त्याला वडिलांबद्दल काय वाटत असेल ते तूच बघ.

आता "पैसे उडवतोय" याबद्दल, कारण इथं मी नुसतं असू दे म्हणून तुला सोडणार नाही. असू दे हे आलेल्या भावनेला. परिस्थितीला नाही. परिस्थितीत जे बदलता येतं ते बदलायचंच. मला एक गोष्ट फार खटकते, माइंडफुलनेस लोकांना निर्णय न घेण्यासाठी विकलं जातं. हिंजवडीतल्या कंपन्यांमधनं मला बोलावणं येतं, लोकांना रात्री अकरापर्यंत कॉलवर बसवायचं आणि मग दीड तासाचं सेशन ठेवायचं की स्ट्रेस कसा स्वीकारावा. मी आता त्यांना आधी विचारते की कामाचे तास कमी करणार का, आणि बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. तुझ्या बाबतीत, रात्री दोनला पैशांचा हिशोब करायचा नाही, त्या वेळी डोकं हिशोब करत नसतं, फटके मारत असतं. शनिवारी सकाळी, पोट भरलेलं असताना, कागद घे आणि कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, सगळं लिही, घरून किती येतात, अजून किती महिने येऊ शकतात, किती अटेम्प्ट द्यायचे, त्यानंतर काय, अर्धवेळ काही काम बघता येतं का. कदाचित उत्तर असं निघेल की हा शेवटचा अटेम्प्ट. निघू दे. कागदावरचा आकडा कितीही नावडता असला तरी त्याला कड असते, रात्रीच्या विचाराला नसते. आणि मग रात्री तो विचार आला की तुला खरंच म्हणता येईल, याचा हिशोब शनिवारी झालाय, आत्ता फक्त दगड आहे.

हे सगळं आलं कुठून ते तू विचारलं नाहीयेस पण दोन ओळी सांगते. माइंडफुलनेसचा मूळ पाली शब्द सति, म्हणजे स्मृती, भान, बुद्धांच्या शिकवणीतला. सत्यनारायण गोएंका गुरुजी बर्मात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ ला भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी आहे. पुण्यात स्वारगेटजवळ आणि आळंदीपलीकडे मरकळला केंद्रं आहेत, दहा दिवसांच्या शिबिराची फी नसते. तिकडे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या एका मेडिकल कॉलेजात, औषधांनी न थांबणाऱ्या दुखण्याच्या पेशंटसाठी एक कोर्स सुरू केला, दुखणं जात नाही तर दुखण्याबरोबर राहायचं कसं असा. मी गट घेते तो त्याच वळणाचा. त्याच कोर्सवरून पुढे टीसडेल, सीगल आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी डिप्रेशन परत परत होणाऱ्या लोकांसाठी उपचार तयार केला. २००० साली त्यांचा अभ्यास आला, त्यात ज्यांना आधी तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के लोकांना साठ आठवड्यांच्या आत परत डिप्रेशन आलं आणि हा कोर्स केलेल्यांत ३७ टक्क्यांना. ज्यांना दोनदाच येऊन गेलं होतं त्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. मी हा आकडा मुद्दाम सांगते कारण ३७ म्हणजे शून्य नव्हे, हे रामबाण औषध नाहीये, पण पुष्कळ आहे.

दहा दिवसांच्या शिबिराला आत्ता जाऊ का असं तुझ्या डोक्यात येईल, गटातल्या मुलांच्या येतंच. माझं मत, आत्ता नको. मी स्वतः तीन केली आहेत आणि मला फार मिळालं त्यातनं, पण पहाटे चारला उठून दिवसाला दहा तास बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, हे झोप उडालेल्या, खचलेल्या माणसानं करायचं काम नाही. आधी झोप, जेवण, रोजचं रूटीन जागेवर येऊ दे, परीक्षा होऊ दे, मग जा. आणि फॉर्ममध्ये तब्येतीबद्दल विचारतात ते खरं भर.

काही वेळा हे अजिबात करायचं नसतं, तेही सांगते. जुना एखादा भयंकर प्रसंग डोळ्यांपुढे परत घडल्यासारखा येत असेल तर एकट्यानं डोळे मिटून त्यात उतरायचं नाही. डोळे उघडे, पाय जमिनीवर, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं घे, आणि जाणकार माणसाकडे जा. कुणाला एकच विचार परत परत तपासायची, हात धुवायची, मोजायची सवय लागली असेल तर "विचाराकडे बघणं" हाच एक नवीन नाद होऊन बसतो, त्याचा उपचार वेगळा आहे. आणि तुझ्याबद्दल, दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, पुस्तक उघडवतच नसेल, किंवा आपण नसलेलंच बरं असं एकदाही मनात येऊन गेलं असेल, तर असू दे म्हणायचं नाही, त्या क्षणी माणसाशी बोलायचं. टेलि-मानसचा नंबर १४४१६, सरकारी आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे. गोळ्या लागल्या तर घ्यायच्या, माइंडफुलनेस करणाऱ्यानं गोळ्या घ्यायच्या नाहीत असा कुठलाही नियम नाही.

रोज किती करायचं? अर्धा तास बसू नको, तुझ्यासारख्यांना त्याचं ओझंच होतं. दहा मिनिटं सकाळी, आणि श्वासावर लक्ष ठेवून छाती भरून येत असेल तर श्वासाकडे बघणं सोड, तळपायांवर लक्ष ठेव, जमीन गार लागतेय का, कुठली बोटं दाबली जातायत. घाबरणाऱ्या माणसाला श्वास हा वाईट खुंटा असतो, कारण घाबरल्यावर पहिला बिघडतो तो श्वासच. तू लिहिलंयस अभ्यासिकेत डोळे मिटले की पोरं हसतात, तर मिटू नको, काही गरज नाही. पाण्याच्या कूलरशी बाटली भरताना बाटली जड होत जाते ती हाताला जाणवू दे. मेसवरून परत येताना मोबाईल खिशात ठेवून चाल. सकाळी जमलं तर पर्वती चढ, पायऱ्या मोजायच्या नाहीत, मांड्या भरून येतात तिकडे लक्ष ठेवायचं. अ‍ॅपचे पैसे भरू नको, मोबाईलचा टायमर पुरतो.

आणि रविवारचा फोन. वाजला की झडप घालून उचलू नको, टाळूही नको, दोन रिंग वाजू दे. दोन्ही पाय जमिनीला टेकव, छातीत दगड येतोय का बघ, येणारच आहे, असू दे, आणि तो असतानाच उचल. ते विचारतील जेवलास का. हो म्हणून संपवू नको, मेसला आज भाजी कुठली होती ते सांग. अभ्यासाचं विचारतील तेव्हा जेवढं झालंय तेवढंच सांग, आणि मग तूही विचार त्यांना, तुम्ही जेवलात का, सोयाबीनला पाऊस झाला का. फोन ठेवल्यावर लगेच कॉटवर जाऊन पडू नको, अलका टॉकीज चौकापर्यंत एक चक्कर मारून ये. दगडाचं काय झालं ते मला कळव, गेला नसेल तरी कळव.